कचरा कुठे जातो?

बाळाचं नाक चोंदलं होतं, म्हणून शैलजाबाईंनी कापसाची बारीक वात वळली, कोमट पाण्यात बुडवली आणि अलगद नाकात फिरवून बाहेर काढली. वात काळी झाली होती. समईतून विझवून काढावी इतकी काळी, आणि टोकाला काहीतरी तेलकट, लिबलिबीत चिकटलेलं. त्यांनी दुसरी नाकपुडी साफ केली. तिथूनही तेच.

सव्वा महिन्याची पोर! जिने अजून घराचा उंबरा ओलांडला नाही, आईच्या दुधाखेरीज जिच्या तोंडात काही गेलं नाही, तिच्या नाकात गॅरेजमधल्या पोऱ्याच्या नखात असते तसली घाण?

कपाटावर ठेवलेलं पांढरंशुभ्र यंत्र तेवढ्यात गोड आवाजात म्हणालं, "बाळाची हवा उत्तम आहे."

हे यंत्र जावयांनी आणलं होतं. शैलजाबाई रेगुंडवार चंद्रपूरच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारल्यापासून घरात एकट्या. एकुलती एक लेक केतकी पुण्यात दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. पण २०३७ सालीही चंद्रपूरच्या आभाळात कोळशाची राख होतीच, आणि थंडीत तर ती दुपारपर्यंत खाली बसून राही. केतकीचा नवरा निषाद हट्टालाच पेटला. चंद्रपूरला जायचं तर जा, पण 'शुभ्रा' घेऊन जा.

'शुभ्रा' म्हणजे आयन सोडणारं हवा शुद्ध करायचं यंत्र. त्या वर्षी ते नाही असं घर पुण्यात शोधून सापडलं नसतं. आवाज नाही, पंखा नाही, वीज नावापुरती, आणि दर्शनी भागावर हवेचा आकडा. आकडा हिरवा म्हणजे हवा चांगली. या आकड्याने माणसांना पुरतं वेड लावलं होतं. लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाच्या खाली घरच्या हवेचा आकडा लिहीत. केतकीच्या ऑफिसच्या आवारातल्या पाळणाघराची तर अटच होती की जन्मापासून तीन महिने बाळाच्या खोलीचा आकडा अखंड हिरवा पाहिजे. यंत्र तो आपण होऊनच कळवत असे. आकडा एकदा लाल झाला किंवा यंत्र बंद पडलं, तर जागा पुढच्या बाळाला. आणि पाळणाघर नाही तर केतकीची नोकरी नाही, हेही सरळच होतं.

यंत्र आलं त्याच दिवशी सासू-जावयाची जुंपली होती, ती धुरीवरून.

"निषादराव, बाळंतिणीच्या खोलीत धुरी नाही म्हणजे काय? निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायचं, बाळाला शेकून काढायचं. केतकीला मी अशीच वाढवली."

"अहो आई, पण धूर तो धूरच ना? मी बाहेरचा धूर थांबवायला मशीन आणतोय आणि तुम्ही आत शेगडी पेटवताय."

शेवटी केतकीनेच मध्यममार्ग काढला. "भांडू नका ना दोघं. आई, तू धुरी दे. धुरी झाली की खोली बंद करून मशीन फुल्लवर लावू. मंग तर झालं?"

झालं. सगळे खूश. असला तोडगा आपल्याच घरांतून निघू शकतो: सासूबाईंचं मन मोडायचं नाही, जावयांचा मान राखायचा, आणि दोघांच्या मधे जे काही शिजेल ते बाळाने श्वासातून ओढायचं.

त्या वेळी मात्र शैलजाबाई भारावून गेल्या होत्या. खोलीत समोरचं दिसू नये इतका धूर असायचा, आणि यंत्र लावलं की बघता बघता हवा निवळायची, आकडा हिरवागार. विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेली बाई ती, तिला कौतुक वाटणारच. समोरच्या खनकेबाईंनी येऊन विचारलं, "मॅडम, घ्यावं का हो हे मशीन? आमच्या नातवासाठी म्हणते मी." तर शैलजाबाई म्हणाल्या, "डोळे मिटून घ्या!" खनकेबाईंनी खरोखरच डोळे मिटून घेतली, एक सोडून दोन.

आता त्या हातात काळी वात धरून उभ्या होत्या, आणि बाळ खोकत होतं. खोकला गेले काही दिवस होताच, पण थंडीचा म्हणून सगळ्यांनी कानाडोळा केला होता.

केतकी आंघोळीला गेली तशी शैलजाबाईंनी फरशी पुसायच्या निमित्ताने पाळणा भिंतीपासून ओढला, आणि जागच्या जागी थिजल्या. भिंतीवर पाळण्याचा पांढरा ठसा उमटला होता. पाळण्याने झाकलेला तेवढाच रंग शाबूत होता. त्याभोवतीची भिंत पिवळट काळी, वरपासून खालपर्यंत. त्यांनी बोट ओढलं. बोटाखाली साय यावी तसा थर गोळा झाला, नखात शिरला. थरात एक चिलट चिकटून मेलं होतं. पडद्याची मागची बाजू तशीच. उशीच्या अभ्र्याचा वरचा भाग तसाच. बाळाचं टोपरं त्यांनी उजेडात धरलं तर कपाळावरची पट्टी करडी झाली होती. रोज धुतलेलं टोपरं!

आणि तो वास. इतके दिवस त्यांना तो स्वच्छतेचा वाटत होता. झेरॉक्सच्या दुकानात यंत्र तापलं की येतो, तो वास. त्याच्याखाली आणखी एक होता, डोळ्यांना झोंबणारा. केतकी परवाच म्हणाली होती की खोलीला दवाखान्यासारखा वास येऊन राहिला.

यंत्राच्या बाजूच्या खिळ्याला शेकाची रबरी पिशवी लटकत होती. ती तिसरी पिशवी. आधीच्या दोन गळायला लागल्या तेव्हा शैलजाबाईंनी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली होती. आता त्यांनी तिसरीही काढून वाकवून पाहिली. टाचेला पडाव्यात तशा बारीक भेगा सगळ्या रबरावर पडलेल्या. शेजारच्या खोलीतल्या जुन्या पिशवीला मात्र काही झालेलं नव्हतं.

मग त्यांनी ते यंत्र खाली काढलं, उलटं केलं, सुलटं केलं. एवढा धूर हे खातं, तर त्याचा कचरा काढायचा कुठून? झाडू झाला तरी झटकावा लागतो, चहाची गाळणी झाली तरी धुवावी लागते. याला ना खण, ना पिशवी, ना जाळी. पुढे काही बारीक सुया, आणि खाली छापलेलं: 'देखभालीची गरज नाही.'

गरज नाहीच! सगळं एकदम डोक्यात जुळलं, आणि जुळलं तसतशी अंगावर शिसारी येत गेली.

त्या सुयांच्या टोकांवर काही हजार व्होल्टचा दाब असतो. टोकाजवळची हवा त्याने फुटते आणि विद्युतभारित कण, म्हणजे आयन, खोलीत सुटतात. ते धुळीला, काजळीला चिकटतात आणि तिच्यावर भार चढवतात. भार चढलेली काजळी मग हवेत तरंगत राहत नाही, जवळ जे काही असेल त्याला जाऊन डसते. भिंतीला डसते, पडद्याला डसते, गालाला डसते. श्वासाबरोबर आत गेली तर श्वासनळीच्या ओल्या अस्तराला, आणि साध्या धुळीपेक्षा अधिक घट्ट. हवा स्वच्छ होते हे खोटं नाही. घाण कुठे जाते, एवढंच कोणी सांगत नाही.

एवढ्यावर थांबत नव्हतं. सुईच्या त्याच टोकावर प्राणवायूचे रेणू तुटतात आणि ओझोन तयार होतो. झेरॉक्सचा वास तो हाच, आणि ताणलेल्या रबराला भेगा पाडणाराही हाच. आभाळात उंचावर असतो तेव्हा तो आपल्याला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो, खोलीत असतो तेव्हा फुप्फुस जाळतो. त्यातून त्याची गाठ ओव्याशी पडली तर? ओवा, लिंबू, संत्र्याची साल यांचा जो घमघमाट, त्या सुगंधी रेणूंना ओझोन मधोमध कापतो. त्यातून निघतं फॉर्मलडिहाइड. कॉलेजात शेजारच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात बुडवून बरण्यांत ठेवत, ते. आणि निघतात नवेच अतिसूक्ष्म कण. यंत्रातला मोजणारा डोळा प्रकाशावर चालतो, त्याला ठरावीक आकाराखालचं काही दिसत नाही. हे कण त्याच्याहून लहान. म्हणून आकडा हिरवा.

म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ खोली बंद करून, ओव्याची धुरी भरून, वर सुयांचा मारा करून, त्यांनी आपल्या नातीला बरणीतल्या बेडकासारखं मुरवत ठेवलं होतं. यंत्राची किळस आलीच, पण खरी किळस आली ती स्वतःची. धुरी कोणाची? हट्ट कोणाचा? आणि ओझोन म्हणजे काय हे पोरांना घोकून घोकून शिकवलं कोणी?

न्हाणीघरात जाऊन त्यांनी साबणाने तीन वेळा हात धुतले. नखातलं काळं जाईना.

केतकीने सगळं ऐकून घेतलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने वात पाहिली, भिंत पाहिली आणि तोंड फिरवलं.

"आई, मंग तू धुरी बंद कर ना. तुझ्या धुरीनंच होऊन राहिलं हे."

"करते. आजपासून बंद. पण मशीनही बंद कर."

"मशीन कसं बंद करू? आकडा लाल झाला की पाळणाघर गेलं. पाळणाघर गेलं की नोकरी गेली. तू काय पुण्याला येऊन राहणार हाय का?"

"येईन राहायला."

"किती दिवस?" केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् तेच मशीन तिथं सगळीकडं हाय, आई. पाळणाघरात प्रत्येक खोलीत दोन-दोन. कुठं कुठं बंद करशील?"

धुरी बंद झाली, यंत्र चालू राहिलं. डोळ्यांची चुरचुर थांबली, बाळाचा खोकलाही थोडा उतरला, आणि आकडा तर आणखीच हिरवा झाला. पण पुसून लख्ख केलेली भिंत आठवड्याभरात पुन्हा करडी. बाळाच्या मानेच्या वळ्या उघडून पुसाव्यात तर फडक्यावर काळ्या रेघा. ती दुधाचा वास येणारी कोवळी मान, आणि तिच्या घड्यांत ही रस्त्यावरची राख! शैलजाबाईंना पाळण्यात वाकायचीच भीती वाटू लागली. रोज नाक साफ करताना त्या श्वास रोखून धरीत, आणि वात रोज काळी निघे.

त्यांनी एक काम मात्र केलं. टेबलफॅनच्या पाठीला जाड घडीदार कागदी फिल्टर बसवून एक ओबडधोबड डबा तयार केला. दिसायला अगदी भंगारातून उचलून आणल्यासारखा, आणि घोरणाऱ्या माणसासारखा आवाज. तो बाळाच्या खोलीत न्यायला केतकी तयार होईना, म्हणून बैठकीत लावला. चार दिवसांत पांढरा फिल्टर उंदराच्या रंगाचा झाला. शैलजाबाई रोज त्याच्यासमोर उभ्या राहून त्या घाणीकडे बघत. किळस येईच, पण या किळसेत एक समाधान होतं. घाण तिथे होती, डोळ्यांसमोर होती, आणि काढून फेकता येत होती.

बारशाच्या आदल्या दिवशी निषाद पुण्याहून आला. मुलीसाठी चांदीचे वाळे, केतकीसाठी पैठणी, सासूबाईंसाठी बाकरवडी. आल्याआल्या त्याने आधी आकडा पाहिला. "वा! पुण्यातसुद्धा एवढा हिरवा नसतो!"

"निषादराव," शैलजाबाई म्हणाल्या, "एक विचारू? या मशीनचा कचरा कुठून काढायचा?"

तो हसला. "तीच तर गंमत आहे, आई. कचरा होतच नाही. कण निष्प्रभ होतात. कंपनीच्या माहितीत आहे सगळं."

"निष्प्रभ होऊन कुठे जातात?"

"म्हणजे... जातात."

शैलजाबाईंनी लेक्चर दिलं नाही. आयुष्यभर दिली होती, त्यांचा उपयोग किती होतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कापसाची वात वळली, कोमट पाण्याच्या वाटीत बुडवली आणि जावयाच्या हातात दिली. "मुलीचं नाक साफ करायचं आहे. बापानेही शिकून घ्यावं."

निषादने भीतभीत वात फिरवली. बाहेर काढून पाहिली आणि तसाच हात लांब धरून राहिला. त्याचा चेहरा उतरला, तोंडावर हात ठेवून तो दोन पावलं मागे सरला. मग शैलजाबाईंनी त्याला पाळण्यामागची भिंत दाखवली, भेगाळलेली पिशवी दाखवली, बैठकीतला काळा फिल्टर दाखवला. आपल्या धुरीचा वाटा किती होता, तेही न लपवता सांगितलं. पोरगा हुशार होता, त्याला सगळं समजलं. समजलं म्हणूनच पुढे तो जे बोलला त्याने शैलजाबाईंना जी शिसारी आली, ती भिंतीच्या घाणीनेही आली नव्हती.

निषादने वात कागदात गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाला, "तीन महिने तर काढायचेत, आई. निम्मे गेलेच. जागा मिळू दे एकदा, पुढचं पुढे बघू. तोपर्यंत... रोज पुसत जाऊ ना आपण. सकाळ-संध्याकाळ पुसलं की झालं."

शैलजाबाई काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून केतकी उठली. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"नाकातलं दिसतं म्हणून पुसशील," ती म्हणाली. "छातीतलं कोण पुसणार, निषाद?"

केतकीने वाट पाहिली, खरंच पाहिली. तो खाली बघत राहिला. तेव्हा ती कपाटापाशी गेली आणि तिने यंत्राची वायर खेचून काढली. बैठकीतला घोरणारा डबा शैलजाबाईंनी आणला आणि पाळण्याच्या पायथ्याशी लावला. बाळ त्या आवाजाने दचकलं, आणि मग झोपून गेलं.

वीज तुटताच आकडा लाल झाला. यंत्राला बॅटरीही होती, त्यामुळे ते थोड्या थोड्या वेळाने त्याच गोड आवाजात बोलू लागलं, "बाळाची हवा धोक्यात आहे. कृपया वीजपुरवठा सुरू करा." बटणं दाबून पाहिली, बंद होईना. शेवटी शैलजाबाईंनी ते जुन्या गोधडीत गुंडाळून न्हाणीघरात बादलीमागे नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बारशाची गडबड चालू असताना केतकीच्या फोनवर पाळणाघराचा निरोप आला. जागा दुसऱ्या बाळाला दिली होती, आणि केतकीच्या बाळाला निरोगी आयुष्य चिंतलं होतं. केतकीने वाचला आणि फोन पालथा ठेवला. निषादने सकाळपासून एकसारखं खपून भिंत घासली होती. तो कोणाशी बोलत नव्हता, पण दुपारी फिल्टर कुठे मिळतो ते मात्र त्याने सासूबाईंना विचारून घेतलं.

बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, पाळण्याला फुलं बांधली. खनकेबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोरगा आठ-नऊ महिन्यांचा, गुटगुटीत, पण नाक गळणारा, आणि दर दोन मिनिटांनी खोकणारा.

"मॅडम, तुमचे किती उपकार मानू!" खनकेबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून घेतलं ना मशीन, घर कसं झकास होऊन गेलं! दिवसा दोन्ही चालू, रातच्याला दोन्ही चालू. एक तर पाळण्यावरच टांगून ठेवलं. अन् फरशीले रोज लिंबाच्या वासाचं फिनाईल मारते मी."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने किंमत विचारली.

शैलजाबाईंच्या हातातलं घुगऱ्यांचं पातेलं तसंच राहिलं. लिंबाचा वास. पाळण्यावर टांगलेलं. डोळे मिटून घ्या, असं आपणच म्हणालो होतो.

"खनकेबाई," त्यांनी विचारलं, "त्याचा कचरा कुठून काढता हो?"

"कचरा?" खनकेबाई कौतुकाने हसल्या. "कचरा निघतच नाही ना, मॅडम! येवढंसाही नाही!"

शैलजाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. पूजेच्या ताटातला कापूस घेतला आणि त्याची बारीक वात वळली. वात नीट वळेना, दोनदा उसवून पुन्हा वळावी लागली. निषादने न सांगता कोमट पाण्याची वाटी आणून पुढे धरली.

"नातवाला जरा इकडे द्या," शैलजाबाई म्हणाल्या.

पोरगा रडायला लागला, त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं, वात फिरवली, बाहेर काढली, आणि खनकेबाईंच्या तळहातावर ठेवली.

त्या तळहाताकडे सगळ्या जणी बघत असताना न्हाणीघरातून, गोधडीच्या आतून, दबलेला गोड आवाज आला, "बाळाची हवा धोक्यात आहे."

यंत्र घरात आल्यापासून पहिल्यांदाच खरं बोललं होतं.